आईच्या तोंडचं कुलदैवत

आदम आणि हव्वाच्या गोष्टीवर मी आयुष्याची सहा वर्षं घातली. लोक हसतात, हसू देत. नागपूरची बौद्ध पोरगी पेनसिल्व्हेनियात जाऊन शिकली काय, तर देवाने दोन माणसांना बागेतून हाकललं त्याची चित्रं! माझ्या मामाने तर तोंडावर विचारलं होतं, "याच्यावर नोकरी लागते का?" अजून धड लागलेली नाही, आणि मामाला ते माहीत आहे.

पण विषय मी हवेतून नव्हता काढला. पहिल्याच सेमिस्टरला आमच्या प्रोफेसर बाईंनी वर्गात मूळ पापाचं ते तत्त्व समजावलं. पहिल्या जोडप्याने फळ खाल्लं आणि त्यांचा डाग त्यांच्या लेकरांना लागला, मग नातवंडांना, मग आईच्या पोटातून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला. त्याने स्वतः काही करायची गरजच नाही. वर्गातली निम्मी पोरं चर्चमध्ये वाढलेली, तरी कुरकुरायला लागली. एक मुलगी म्हणाली, हे किती अनफेअर आहे, ज्याने काही केलंच नाही त्याला कसली शिक्षा? मला हसू आलं, आणि चांगलं मोठ्याने आलं. बाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. मनात म्हटलं, बयो, जन्माला आल्या आल्या डाग लागतो म्हणजे काय होतं हे शिकायला मला एवढ्या लांब यायची गरज नव्हती.

त्याच दिवशी विषय ठरला. या गोष्टीवर लिहिणारे सगळे फळापाशी अडकतात, नाहीतर सापापाशी. कवींनी सापाला काय एकेक भाषणं दिलीत! चित्रकारांनी तर त्याला चक्क बाईचं तोंड लावलं. दोष बाईवर ढकलायची संधी कोण सोडतंय? मला त्यात रस नव्हता. मला बघायचं होतं ते त्यानंतरचं. फळ खाल्ल्यावर त्या दोघांनी पहिलं काम काय केलं? पानं शिवून अंगाला गुंडाळली आणि झाडांमागे जाऊन लपली. अशी लपणारी, झाकणारी, तोंडावर तळवे घेऊन वेशीबाहेर चालणारी जोडपी मी शंभरावर जमवली होती. काही चित्रांवर तर पुढच्या काळातल्या सभ्य लोकांनी वरून आणखी पानं रंगवून घेतलेली. माझा प्रबंध या झाकण्यावर होता. मोठ्या ऐटीत लिहिलं होतं मी, की शरम माणसाच्या आत नसते, ती बघणाऱ्याच्या नजरेतून येते. आणि हे लिहीत कुठे बसले होते? ज्या अपार्टमेंटमध्ये मी स्वतः नखशिखांत पानं गुंडाळून राहत होते, तिथल्याच डायनिंग टेबलावर.

ते कसं झालं ते सांगते. मी दोन बॅगा घेऊन पोचले त्या दिवशी माझ्या रूममेटने गरम खिचडी करून ठेवली होती. ती पुण्याची, केमिस्ट्रीत पीएचडी करणारी, माझ्याआधी एक वर्ष आलेली. ताट वाढता वाढता तिने आडनाव विचारलं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, कुणाचंही असू शकेल असं. तिने ते जरा तोलून पाहिलं आणि खूश झाली.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "मागच्या वर्षीच्या मुलीशी माझं काही जमलंच नाही. नंतर कळलं, ती त्यांच्यातली होती. मी असलं काही मानत नाही हं, पण संस्कार वेगळे पडतात ना यार. तू आपल्यातली आहेस, बोलण्यावरूनच कळतं."

माझ्या तोंडात घास होता. तो मी गिळला आणि विचारलं, "लोणचं आहे का?"

बस, एवढंच. खोटं एक अक्षर बोलले नाही मी. पुढे सहा वर्षं स्वतःला हेच सांगत राहिले, की खोटं तर आपण बोललोच नाही.

कुणी म्हणेल, दुसरीकडे राहायला का नाही गेलीस? जाते कुठे! माझ्याकडे गाडी नाही, कॅम्पसची बस शनिवारी-रविवारी तासाला एक, गावात इंडियन दुकान एकच आणि तेही हायवेपलीकडे. पण हे सगळे बहाणे. खरं सांगायचं तर ती माझ्याशी चांगली वागायची. पहिल्या थंडीत मला ताप आला तेव्हा लॅब बुडवून तिने मऊ भात करून भरवला होता. असल्या माणसाचा राग कसा करायचा हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मग मी काय करायचे, तर लायब्ररीत हेडफोन लावून उकडीच्या मोदकांचे व्हिडिओ बघायचे. गावात तीसेक मराठी डोकी, त्यांचा गणपती एका काकूंकडे बसायचा. काकूंचे यजमान युनिव्हर्सिटीत शिकवून रिटायर झालेले, मोठं घर, मोठं देवघर. तिथे माझ्या मोदकांचं कौतुक. "काय सुबक कळ्या पडतात गं हिच्या हाताने! घरचं वळण आहे," काकू म्हणायच्या. घरचं वळण! आमच्या घरात गणपती कधी बसला नाही, आणि मोदक मी पहिल्यांदा खाल्ला तो शेजाऱ्यांकडून आलेला.

जयंतीला आईचा व्हिडिओ कॉल यायचा. मागे निळे झेंडे, ढोल, चुलत भावंडांचा गोंधळ, आणि आई ओरडून "जय भीम गं पोरी!" मी कोट चढवून खाली बस स्टॉपवर जाऊन तो घ्यायची. आईला सांगितलं होतं, घरात रेंज येत नाही.

सहाव्या वर्षी मे महिन्यात माझा डिफेन्स ठरला, म्हणजे प्रबंध सगळ्यांसमोर मांडून प्रश्नांना उत्तरं द्यायची. बाबांना विमानाची भीती. म्हणून आई एकटी आली. आई म्हणजे सरकारी हॉस्पिटलातली नर्स, आता रिटायर. तिची जीभ डॉक्टरांनाही ठाऊक होती. पेशंट जगणार नसेल तर ती नातेवाइकांना आडवळणाने सांगत बसायची नाही, बाजूला घेऊन सरळ सांगायची. तिच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव टोपलीत घालून नदीत सोडून दिले होते. आई जन्मली ती त्यानंतर. आपल्या घरात देव होते ही गोष्ट तिला फक्त ऐकून माहीत.

न्यूयॉर्कहून आमच्या गावी यायला पाच तासांची बस. निम्मा रस्ता झाल्यावर मी धीर केला.

"आई, तिथे गेल्यावर ना, कुणाला जय भीम नको म्हणू."

"काहून?"

"तिथे कुणाला माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"आपलं."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर नुसते डोंगर आणि झाडं. मग म्हणाली, "मंग ते घरात रेंज नसते ते?"

"रेंज असते."

"अमेरिकेत बी?" एवढंच विचारलं तिने. मी मान खाली घातली. मग तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तिचा वॉर्डातला आवाज काढला. "बरं. तुझ्या डिग्रीचा प्रश्न आहे. हे लोक बिघडले तर डिग्री अडकवतीन. मी नाही बोलत."

त्या लोकांचा आणि माझ्या डिग्रीचा काडीचा संबंध नव्हता. माझी रूममेट केमिस्ट्रीवाली, काकू घरी बसणाऱ्या, आणि माझ्या प्रोफेसर बाईंना आडनावातलं ओ की ठो कळत नव्हतं. हे मी आईला त्याच क्षणी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. कारण "डिग्रीसाठी लपवते" हे ऐकायला बरं होतं, आणि "खिचडी खाताना घाबरले म्हणून लपवते" हे तिला कुठल्या तोंडाने सांगणार होते? मी गप्प बसले. दुसऱ्यांदा तेच.

आईने माझ्यासाठी टॉवेलात गुंडाळून पितळी बुद्धमूर्ती आणली होती. ती बॅगेतून निघाली तशी मी टॉवेल परत तिच्यावर ओढायला गेले. रूममेटने ती उचललीच. "अय्या काकू, किती क्यूट! किती पीसफुल चेहरा आहे! आपण हॉलमध्ये ठेवू ना." आणि तिने ती टीव्हीशेजारी, सुगंधी मेणबत्ती आणि निवडुंगाच्या कुंडीच्या मधोमध ठेवली.

आई खोलीत येऊन दार लावून हळूच म्हणाली, "हे तर बुद्ध पाहून खूश झाली! मंग आपण लपवतो काय?"

"इथे सगळ्यांकडे असतो बुद्ध. बागेत पण ठेवतात. शोभेला असतो, त्याचा काही अर्थ नसतो."

"अर्थ नसला तर चालते म्हन," आई म्हणाली आणि साड्यांच्या घड्या घालायला लागली.

त्या पंधरा दिवसांत तिने मला वाटलं नव्हतं ते केलं. तिने 'मले-तुले' सोडलं. रूममेटसमोर 'मला-तुला' म्हणायला लागली, शब्द निवडून, जपून, टाळाटाळ करणाऱ्या साक्षीदारासारखी. मी काही म्हटलं नव्हतं तिला. तिने आपणच ओळखलं. मला वाईट वाटायला हवं होतं, आणि मला काय वाटलं तर सुटल्यासारखं. लाज वाटते लिहायला.

डिफेन्स छान झाला. आई शेवटच्या रांगेत बसली होती, पांढरीशुभ्र साडी नेसून, शेजारी रूममेट. मी एकेक चित्र दाखवत होते आणि फडाफड बोलत होते. शेवटी प्रोफेसर बाईंनी विचारलं, बागेत तिसरं माणूसच नाही आणि मालक तर सर्वज्ञ, मग ही दोघं लपतात कुणापासून? मी म्हटलं, एकमेकांपासून. लपणारा आधी आपल्या माणसापासून लपतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. केवढं कौतुक झालं त्या उत्तराचं! मी मागे बघितलं तर आई टाळ्या वाजवत होती. इंग्रजी तिला नर्सपुरतं कळतं, पण पोरगी जिंकली हे तिला कळलं होतं.

रविवारी काकूंनी जेवायला बोलावलं, आईच्या मानासाठी आणि माझ्या डॉक्टरेटच्या आनंदात. पंधरा-वीस माणसं, पुरणपोळी, श्रीखंड, कटाची आमटी. जायला नको म्हणता आलं असतं. आईच म्हणाली, "नाही गेलो तर वाईट दिसते." ताटं हातात घेऊन सगळे हॉलमध्ये बसले तेव्हा काकू आईशेजारी येऊन टेकल्या. अगदी प्रेमाने.

"मूळ गाव कुठलं हो तुमचं?"

आईने गाव सांगितलं.

"हं हं. आणि कुलदैवत?"

आपल्याकडे हा प्रश्न हवापाणी विचारावं तसा विचारतात. ज्यांना विचारला जातो त्यांतल्या बहुतेकांना तो टोचतही नाही. आईने माझ्याकडे बघितलं. सरळ, विचारणाऱ्या नजरेने, जशी ती डॉक्टरकडे बघत असेल: सांगू का? मी तोंड उघडायला हवं होतं. काहीही म्हणता आलं असतं. आम्ही नाही मानत, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी श्रीखंडात पुरी बुडवत बसले.

"तुळजापूर," आई म्हणाली.

"अय्या, म्हणजे भवानी! आमचीही तीच की!" काकूंनी आईचा हात धरला. "मग परडी कधी भरता हो तुमच्याकडे?"

देवीच्या नावाने परडी भरतात ही रीत मला तेव्हा ऐकून तरी माहीत होती. आईला ती ऐकूनही माहीत नव्हती. "भरतो ना," ती म्हणाली. "दरवर्षी भरतो."

"अहो पण कुठल्या दिवशी?"

या बाईने हजारो माणसांना सुया टोचल्या. अपघातातली माणसं उचलली. उत्तर देताना ती कधी अडलेली मी पाहिली नव्हती. तिने आमटीची वाटी ताटातल्या ताटात उगाच सरकवली. "सासूबाई करायच्या," ती म्हणाली. "मला आता तितकं आठवत नाही."

"हं," काकू म्हणाल्या. त्या 'हं'मध्ये काय होतं, काही होतं का, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या उठल्या आणि आईला म्हणाल्या, "चला, जेवण झालं की आमच्या देवीला नमस्कार करून घ्या. एवढ्या लांब येऊन तुमचीच देवी भेटली बघा."

आई गेली. ज्या बाईने दर वर्षी दीक्षाभूमीच्या गर्दीत उभं राहून बावीस प्रतिज्ञा म्हटल्या, हे देव मानणार नाही, यांची पूजा करणार नाही, असं घसा फुटेस्तोवर म्हटलं, ती बाई काकूंच्या संगमरवरी देवघरापुढे हात जोडून वाकली. डोळे मिटले नाहीत तिने. जमिनीकडे बघत होती. मी दारात उभी होते आणि मला तिची पाठ दिसत होती, पांढऱ्या साडीत, जरा कुबडलेली. सहा वर्षं मी चित्रांतल्या वाकलेल्या पाठींवर पानंच्या पानं लिहिली होती. ही पाठ मला बघवेना, म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन ताटं विसळायला लागले.

गाडीत रूममेट म्हणाली, "काकू, तुम्ही किती स्वीट आहात!" आई मागच्या सीटवर होती. ती थँक्यू म्हणाली.

चार दिवसांनी ती परत गेली. या विषयावर एक शब्द बोलली नाही. एअरपोर्टवर माझ्या डोक्यावरून हात फिरवला, जय भीम म्हटलं नाही, टाटा केला. बस.

त्यानंतर माझं मन थाऱ्यावर राहीना. स्वतःचंच तोंड बघवेना. ऑगस्टमध्ये एका सकाळी रूममेट कॉफी गाळता गाळता म्हणाली, "या वर्षी मोदक एकशे एक करू या का?" आणि माझा भडका उडाला.

"मी करणार नाही. मी बौद्ध आहे. जय भीमवाली. तू पहिल्या दिवशी जिला 'त्यांच्यातली' म्हणालीस ना, तिच्यातलीच."

तिने गाळणी खाली ठेवली. मग म्हणाली, "अगं, मग काय झालं? हू केअर्स यार! मी कधी असलं मानते का?" आणि रडायलाच लागली. "सहा वर्षं तुला माझ्यावर ट्रस्ट नव्हता? किती हर्ट झालंय मला!" घ्या! हर्ट तिला झालं होतं. शेवटी मीच तिला पाणी आणून दिलं आणि मीच पाठीवर हात फिरवत बसले.

काकूंच्या गणपतीचं आमंत्रण त्या वर्षी आलं नाही. रूममेट नजर चुकवत म्हणाली, यंदा काकूंची लिस्ट जरा मोठी झालीय. ती एकटीच गेली. कुणी काही बोललं नाही, कुणी हाकललं नाही, नुसतं नाव गळलं. आणि तुम्हाला सांगते, मला काडीचंही दुःख झालं नाही. इतकं हलकं वाटत होतं म्हणून सांगू! सहा वर्षांत पहिल्यांदा मी घरात मोठ्याने बोलत होते, मोठ्याने हसत होते. आपण फार मोठा पराक्रम केला असं वाटत होतं.

म्हणून आईला फोन लावला. भर हॉलमध्ये, स्पीकरवर. "जय भीम, आई! सांगून टाकलं मी. सगळ्यांना!"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. आईने गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

"सगळ्यांले?"

"हो!"

"त्या काकूले बी?"

"कळलंय तिला. बोलावलं नाही यंदा. न का बोलावेना!"

"मंग तिले हे बी समजलं असन," आई म्हणाली, "का नर्सबाई तिच्या देवापुढे वाकली ते नाटक होतं."

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, "जाऊ दे ना आई. तिचा कशाला विचार करतेस?"

"डिग्रीले काही झालं नाही नं तुझ्या? काढून नाही नं घेत ते?"

"अगं, डिग्रीचा काही संबंधच नव्हता त्यांचा. कधीच नव्हता."

हे बोलून गेले आणि मग माझ्या लक्षात आलं मी काय बोलले ते. हॉलमध्ये रूममेट नव्हती, टीव्ही बंद होता. तरी मी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला.

"संबंध नव्हता?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मंग मले काहून वाकवलं गं?"